सालुबाईची ओ

गोदावरीवर पूल नव्हता, त्या काळची, फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. उंबरठाणच्या घाटावर शांतवन नावाचा नावाडी होता. एका पुरात त्याचा सोबती दाविद बुडाला. बुडताना त्यानं शांतवनला हाक मारली. शांतवननं ती ऐकली, पण भ्याला, आणि वल्हं मारीत काठाला निघून आला.

पाहणारं कुणी नव्हतं. शांतवननंच पुढं ख्रिस्ताच्या देवळात उभं राहून सगळं सांगितलं. रडून रडून त्याचे डोळे गेले, असं म्हणतात. डोळे गेले आणि गीत आलं:

हाक ऐकली बुडत्याची, पाठ मी फिरवली;
हाक ऐकलीस माझी, होडी तू वळवली.
काय ही कृपा, ख्रिस्ता, काय ही कृपा!

सारा गाव ते गाऊ लागला. आंधळा शांतवन होडी आणायचा तीही त्याच गीतावर. काठावर जो असेल त्यानं गायचं, आवाजाच्या रोखानं यानं वल्हवायचं. एक सालुबाई तेवढी गायची नाही. ती दाविदची बायको.

"तोंडात गुळणी धरलीस का गं?" बाया टोचायच्या. "देवानंसुद्धा माफ केलं त्याला."

"करील की! बुडाला तो काही देवाचा नवरा नव्हता."

एकदा पावसाळा सरताना नदीवर असं धुकं उतरलं, की बगळे पाण्यावर की आभाळात तेही कळेना. सालुबाई एकटीच घागर भरत होती. धुक्यातून हाक आली, "काठावर कोण आहे? ओ द्या!"

शांतवन एकटाच परतत होता. होडी वाहवत भोवऱ्याकडं चाललेली. सालुबाईनं ओठ आवळले. तिनं काहीच करायचं नव्हतं. गप्प राहिली की झालं. नदीच उरलेलं करणार होती.

हाक बारीक होत गेली. असाच माझा दाविद ओरडला असेल, तिच्या मनात आलं. असंच कुणीतरी ऐकत गप्प राहिलं.

"ओऽऽ!"

घागर हातातून सुटली. मग तिनं गीत धरलं, कधी न गायलेलं, पण शब्दन्‌शब्द पाठ. म्हणतात, तिचा आवाज पाण्यावर पायवाटेसारखा आडवा पडला, धुकं दोन्हीकडं सरलं, आणि भोवरा फिरायचा थांबून ऐकत राहिला.

होडी काठाला लागली. शांतवन चाचपडत तिच्या पायांशी वाकला. "वहिनी, तुम्ही?"

"पाया पडू नकोस. आधी होडी बांध. माफ केलं असं मी म्हटलेलं नाही. हाकेला ओ दिली, एवढंच."

पुढं पूल झाला. होडी कुजली. भोवरा मात्र त्या दिवसापासून फिरला नाही म्हणतात. उंबरठाणात अजून हे गीत संपलं, की आमेन म्हणत नाहीत. सगळे गप्प बसतात. ज्याच्या पोटात कुणाबद्दल राग असेल, त्यानं आधी ओ म्हणायची. तिला सालुबाईची ओ म्हणतात. कधी कधी फार वेळ लागतो. घरी भाकरी गार होतात, पोरं चुळबुळतात, पण उठत कुणी नाही. आणि मग कुठल्यातरी कोपऱ्यातून, घोगऱ्या आवाजात, ती येतेच.