दाबलं की मावतं

एका गावात एक भोळा नवरा होता, सावळाराम. भोळा म्हणजे किती? तर त्याला थोडी समज यावी म्हणून त्याच्या बायकोनं, अनसूयानं, सोळा सोमवार धरले होते.

आज उद्यापन. महादेवाच्या देवळात जोडप्यांची पंगत जेवायची, मग अनसूयानं उपास सोडायचा. तरच व्रत पुरं.

सकाळी सावळाराम सायकलीत हवा भरायला हुसेनभाईंकडे गेला. त्यांनी पंपाचं तोंड बोटानं बंद केलं आणि दांडा खाली रेटला.

"बघ, दाबली की तीच हवा अर्ध्या जागेत मावते. हात काढला की होती तेवढी."

दांडा आपसूक वर आला. सावळाराम हरखला. घरापर्यंत तेच घोकत आला, अनसूयालाही ऐकवलं.

घरी पुऱ्या टम्म फुगलेल्या आणि दुरडी लहान. त्यानं दोन्ही हातांनी दाबल्या. मावल्या! देवळात जाऊन दुरडी उघडली आणि समोर बसून राहिला.

"काय बघताय?" अनसूयानं विचारलं.

"फुगतायत का ते."

"अहो, फुटल्या त्या! आतली वाफ गेली. दाबायच्या आधी तोंड नको का बंद करायला?"

"आधी नाही का सांगायचं?" म्हणत तो खीर आणायला गेला.

खीर फार, मातीची हंडी लहान. त्यानं ती काठोकाठ भरली, झाकणाला कणीक लावून तोंड पक्कं बंद केलं आणि उरलेल्या खिरीला जागा व्हावी म्हणून वर बसला.

"खीर कुठंय?" अनसूयानं विचारलं.

"धोतराला."

पोटात भूक, तरी ती शांतपणे म्हणाली, "अहो, खीर भरीव. मध्ये मोकळी जागा असेल, तेच दाबलं जातं."

"हां!"

पंगत बसली. तेवढ्यात आणखी दोन जोडपी आली. जागा कुठाय? सावळारामानं निरखून पाहिलं. माणसामाणसांत मोकळी जागा होती! त्यानं देवळाची दारं लावली, लांबलचक बाक आडवा धरला आणि पंगत पत्रावळींसकट भिंतीकडे रेटली. गुरुजींच्या आमटीत पाटलीणबाईंचा पाय.

"मावली!"

"अहो, सोडा त्यांना!"

त्यानं लगेच बाक काढला, दारं उघडली. पंगत होती तेवढ्या जागेत थांबली नाही. गावभर पसरली.

अनसूया उपाशीपोटी महादेवापुढे बसली. हात जोडून म्हणाली, "देवा, तू तरी कंटाळू नकोस. आणखी सोळा सोमवार धरते."

सावळारामाला तिची फार दया आली. त्यानं उठून दारं लावली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, बाकाखाली ठेवलं आणि वर बसला.

"अगं, दोन सोमवारांच्या मध्ये केवढी मोकळी जागा आहे! आठात मावतील."