फणसवेड्या राजाची तीन पानं

एका राज्यात हेमांगद नावाचा राजा होता, आणि त्याला फणसाचं वेड होतं. वेड म्हणजे किती? शेजारचा राजदूत तहाचं बोलायला आला, तर हा त्याला विचारी, "तुमच्याकडे फणस बुंध्याला जास्त धरतो की फांदीला?" दरबार जांभया देई. मन लावून ऐकणारी एकटी राणी चारुमती.

एकदा एक मांत्रिक आला. त्याने आग प्यायली, खांबांना बोलतं केलं. राजा म्हणाला, "छान. पण ऐन थंडीत पिकला फणस काढाल का?"

मांत्रिकाचा तिळपापड झाला. त्याने हात उगारला आणि राणी बसल्या जागी दगड झाली.

"आता सांग तुझा फणस कुणाला! तिच्यासाठी तीन पानं लिही, तिला वाचून दाखव. शब्दांत जीव असेल तर पानागणिक ती सुटेल. तिसरं फुकट गेलं, तर कायमची शिळा!"

राजाने बोरू उचलला. 'हे चंद्रमुखी...'

खिडकीत धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राजा, हे माल न बघता भाव सांगणं झालं. चंद्राचं तुला काय ठाऊक?"

"काहीच नाही."

"मग ठाऊक आहे ते लिही."

राजाने ओळ खोडली आणि मुळाशी, मातीखाली धरणाऱ्या फणसाचं लिहिलं. वर कुणाला पत्ता नसतो. एके दिवशी भुई तडकते आणि वास अंगणभर होतो. वाचून संपतं न संपतं, तोच राणीच्या पायांवरचा दगड तडकला.

दुसरं पान चिकाचं. सुरीला तेल, हाताला तेल, तरी बोटं चिकटायची ती चिकटतात. मग कुणीतरी जवळ बसतं आणि न बोलता एकेक बोट सोडवतं. ते कुणीतरी कोण, हे राजाला लिहिताना उमगलंही नाही. राणीचे हात मात्र हलले.

राहिलं तोंड. प्रधान सुबंध राजाच्या कानाशी लागला. "महाराज, राणीसाहेबांना कापा फणस प्रिय, कडक गऱ्यांचा. आपण मऊ बरक्याचे भक्त. आजच्या दिवस कापा थोर म्हणा. त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे."

राजाने बोरू शाईत बुडवला. "सुबंधा, फणसाच्या बाबतीत मी तिच्याशी कधी खोटं बोललो नाही. दगड झाली म्हणून आता बोलू?"

त्याने बरकाच लिहिला. जिभेवर ठेवावा तो आपसूक उतरतो, रस कोपरापर्यंत ओघळतो. आणि कापा म्हणजे काय, तर गूळ लावलेलं लाकूड!

वाचून त्याने डोळे गच्च मिटले.

"लाकूड?"

राजाने डोळे उघडले.

"अहो, जिभेला काही हाड? तुमचा बरका म्हणजे नुसता लिबलिबाट, आणि वर माझ्या काप्याला लाकूड म्हणता?" राणी तरातरा सिंहासनावरून उतरली.

राजाच्या डोळ्यांना धारा लागल्या. "बोल, चारू. आणखी बोल."

मांत्रिक निमूट वेशीबाहेर गेला. दरबार पुन्हा भरू लागला, रयतेचे तंटे तुटू लागले. एक तंटा तेवढा कुणी तोडला नाही. तो त्या दोघांत सुखाने नांदला.