शेजाऱ्याची गाय

डोंगरापलीकडच्या एका राज्यात घोंगड्या विणणारा एक माणूस राहत होता. त्याच्या मुलीची राजाच्या वैद्यकशाळेत निवड झाली. आता प्रश्न फीचा होता. राज्याचा नियम असा, की पाहणीदार घरी येणार, कमाई विचारणार, चीजवस्तू बघणार. हलाखीच्या घराला फी माफ. ज्याच्या दारात दुभतं जनावर, त्यानं पूर्ण फी भरायची.

पाहणीच्या दिवशी सकाळीच शेजारचा धान्यव्यापारी आपली गाय आणि पितळेची भांडी घेऊन आला. गावाची रीतच होती ती. पाहुणा यायचा असला, की शेजाऱ्यांच्या वस्तूंनी घर सजवायचं.

"राजाचा माणूस येतोय. रिकामं घर दाखवणार का त्याला?" व्यापारी म्हणाला.

मुलीच्या बाबांना भरून आलं. मुलीला नाही. व्यापाऱ्याचा मुलगाही त्याच शाळेत निवडला गेला होता आणि पाहणी त्याच्या घरीही आजच होती.

"काका, एरवी वाटीभर ताक देत नाही तुम्ही. आज अख्खी गाय?"

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," बाबांनी दटावलं.

"पण बाबा, माझी फी?"

"आधी घराची अब्रू. फीचं बघू नंतर."

कसं बघणार, ते त्यांनी सांगितलं नाही. मोठी माणसं ते कधीच सांगत नाहीत.

पाहणीदार आला. त्यानं भांडी बघितली, गाय बघितली. "तुमचीच का?"

"घरचीच आहे," बाबा छाती काढून म्हणाले.

"मग माफी नाही."

आता तरी खरं बोलतील म्हणून मुलगी बापाकडे बघत राहिली. बाबा जमिनीकडे बघत होते. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठली आणि तिनं गाईचं दावं सोडलं.

गाईला कुणाच्या अब्रूशी देणंघेणं नव्हतं. ती तडक शेजारच्या गोठ्यात गेली आणि तिनं आपल्या गव्हाणीत तोंड घातलं. पाहणीदार मागोमाग गेला. व्यापारी फाटकं उपरणं पांघरून ओट्यावर बसला होता, चेहरा अगदी उपाशी माणसाचा.

"ही कुणाची?" पाहणीदारानं विचारलं.

व्यापाऱ्यानं उपरणं तोंडावर ओढून घेतलं.

मुलीची फी माफ झाली. व्यापाऱ्याला मुलाची पूर्ण भरावी लागली.

"चारचौघांत नाक कापलंस माझं," बाबा म्हणाले.

"तुमचं नाक वाचलं असतं बाबा, आणि मी जन्मभर लोकर पिंजत बसले असते," मुलगी म्हणाली आणि गाठोडं बांधायला लागली.

तात्पर्य: थाट मोठी माणसं मिरवतात, किंमत मुलं मोजतात. अशी गाय दारात बांधली गेली, तर मोठ्यांना न विचारता दावं सोडावं.