ऐकू न आलेला पुकारा

एकदा एका विद्यार्थ्याला वाटले, की दिवाणी कामकाजाचा कायदा आपण कोळून प्यालो. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असे वाटतेच, त्यात त्याचा फारसा दोष नाही. दावा कसा दाखल होतो, समन्स कसे बजावतात, प्रतिवादीची लेखी कैफियत किती दिवसांत यावी लागते, हे त्याला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. प्रत्यक्ष काम शिकावे म्हणून तो तालुक्याच्या कोर्टातील एका वृद्ध वकिलांकडे जाऊ लागला. सारे कोर्ट त्यांना अण्णा म्हणे. अण्णा कमी बोलत, आणि शिकवत ते काम अंगावर टाकून.

त्याच्या अंगावर पहिले काम आले ते शेवंताबाई कुंभार यांचे. शेवंताबाईंची भट्टी घरामागे होती आणि तिथवर जायला एकच बोळ. बोळाची जागा शेजारच्या तातोबा घोलपांची, पण वहिवाट कुंभारांची, तीन पिढ्यांची. तातोबांनी एके सकाळी बोळाच्या तोंडाशी काट्यांचे कुंपण घातले आणि कुणाशी एक शब्द न बोलता घरात निघून गेले. मार्गशीर्ष लागला होता. माती आत आली नाही तर संक्रांतीची सुगडे होणार नव्हती, आणि संक्रांत उलटल्यावर सुगडाला कोण विचारतो? बाईंचे वर्ष त्या एका सणावर निघत असे.

दावा विद्यार्थ्यानेच लिहिला. अण्णांनी दोन ठिकाणी दुरुस्ती करून सही केली. समन्स घेऊन बेलीफ निघाला तेव्हा घर दाखवायलाही तोच गेला. तातोबा अंगणात बसले होते, डोक्याला विटका पिवळा फेटा. बेलीफाने तीनदा नाव विचारले, म्हातारा ढिम्म. शेवटी कागद नाकासमोर धरला तेव्हा मुकाट्याने अंगठा दिला आणि पाठ फिरवली. केवढी ही गुर्मी, असे विद्यार्थ्याच्या मनात आले, आणि या माणसाला धडा शिकवायचाच असे त्याने ठरवून टाकले.

तारखेच्या दिवशी शेवंताबाई सकाळी नऊलाच येऊन बसल्या. अकराच्या सुमारास पट्टेवाल्याने कोर्टाच्या दारात उभे राहून पुकारा केला. तातोबा येसू घोलप. एकदा, दोनदा, तीनदा. आत कुणी आले नाही.

"समोरचा न्हाई आला, तर आपलंच झालं न्हवं?" शेवंताबाईंनी हळूच विचारले.

"झालंच म्हणा, मावशी," विद्यार्थी म्हणाला. समन्स रीतसर बजावले आणि प्रतिवादी आला नाही, तर दावा त्याच्यावाचून, एकतर्फी चालतो. म्हातारा येणार नाही असे गृहीत धरून तसा अर्ज त्याने आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. तो त्याने अण्णांसमोर सरकवला.

अण्णा म्हणाले, "व्हरांड्यात एकदा बघून ये."

विद्यार्थी बाहेर आला आणि जागच्या जागी थांबला. पट्टेवाल्यापासून दहा हातांवर, बाकाच्या टोकाला पिवळा फेटा होता. तातोबा समन्सची घडी दोन्ही हातांत धरून बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते. तेवढ्यात शेजारच्या माणसाच्या हातून स्टीलचा डबा फरशीवर आदळला. सारा व्हरांडा दचकला. तातोबांची पापणीही हलली नाही.

ती गुर्मी नव्हती. म्हाताऱ्याला ऐकूच येत नव्हते. विद्यार्थ्याला हे एका क्षणात कळले, आणि कळूनही तो मागे फिरला. त्याच्या बाजूने नियम होता, बाईंची संक्रांत होती, आणि खरे सांगायचे तर आयुष्यातले पहिले यश होते.

"पुकारा तीन वेळा रीतसर झालाय, अण्णा. कुणी उठलं नाही," तो म्हणाला. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. खोटे बोलण्याची ही सर्वांत सोवळी रीत. त्याला ती कुणी शिकवली नव्हती, गरज पडताच आपोआप आली.

अण्णांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले. मग अर्ज उचलला, घडी करून खिशात ठेवला आणि ते उभे राहिले. "साहेब, प्रकरण अर्धा तास मागे ठेवावं. प्रतिवादी आवारातच आहेत."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिले. वादीचा वकील हाती आलेला आदेश आपणहून लांबवतो, हे काही रोज दिसत नाही. त्यांनी मान डोलावली. अण्णा बाहेर गेले, तातोबांच्या शेजारी बाकावर बसले, खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी तोंड नेऊन त्यांचे नाव घेतले.

म्हातारा लगबगीने उठला. "सकाळधरनं वाट बगतोय की. कवा पुकारत्याल माझं नाव?"

शेवंताबाईंच्या पायांखालची जमीन सरकली. दारातच त्यांनी अण्णांना अडवले. "अण्णा, तुमी माझं वकील का त्येंचं?"

"तुमचाच, शेवंताबाई. जरा दम धरा."

विद्यार्थी खाली मान घालून उभा होता. बाईंचा राग रास्त आहे असे त्याला वाटत होते, आणि अण्णांनी हे का केले ते त्याला उमगत नव्हते.

अर्ध्या तासाने प्रकरण पुन्हा निघाले. तातोबांना वकील नव्हता. न्यायाधीशांनी विधी सेवा समितीतून एक मोफत वकील त्यांच्यासोबत दिला आणि कुंपणाचे कारण विचारले; त्या वकिलाने प्रत्येक प्रश्न तातोबांच्या कानाशी मोठ्याने सांगितला. तातोबाही बहिऱ्या माणसाच्या सवयीप्रमाणे मोठ्याने बोलले, त्यामुळे ते साऱ्या कोर्टाने ऐकले.

"मातीचा टेंपो मागं मागं येतो, साहेब. हारन वाजवत आसंल, मला काय कळतंय? दोनदा भिंतीला चेंगारताना वाचलो. नातू बी तितंच खेळतोय. म्हून काटं लावलं."

"मग शेजाऱ्यांना सांगितलं का नाही?"

तातोबा ओशाळले. "काय सांगू? भैरा झालो म्हून गावभर करू व्हय?"

शेवंताबाईंचा राग पाण्यात मिठाचा खडा विरावा तसा विरला. "गेली दोन वर्सं मी मागनं हाका मारतीया ह्यास्नी, आन् ह्ये वळूनसुदिक बगत न्हाईत. मला वाटलं, मस्ती आलीया. तातोबा मामा, कुणाजवळ तरी बोलायचं हुतं." शेवटचे वाक्य त्यांनी जवळ जाऊन, त्यांच्या कानात सांगितले.

दुपारच्या आत दोन्ही बाजूंच्या सहीचा तडजोडीचा कागद तयार झाला. टेंपो रस्त्यावरच थांबेल, माती हातगाडीवरून आत येईल, बोळ कायम उघडा राहील. तातोबांना तो दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी काटे निघाले, आणि तिसऱ्या दिवशी शेवंताबाईंचे चाक फिरू लागले.

कोर्टातून परतताना विद्यार्थ्याने विचारले, "पण अण्णा, एकतर्फी आदेश आपल्याला मिळत होता. तो का सोडलात?"

"मिळत होता," अण्णा म्हणाले. "पुढं निकाल लागून हुकूमनामाही मिळाला असता. तो घेऊन आपण कुंपण काढायला गेलो असतो, आणि म्हातारा अर्ज घेऊन आला असता, की मी तर बाहेरच बसलो होतो, मला ऐकू आलं नाही. ते खरं असल्यामुळं हुकूमनामा रद्द झाला असता आणि दावा पहिल्यापासून सुरू. बाईंच्या किती संक्रांती गेल्या असत्या, मोज. पण हे तुझ्या पुस्तकातही आहे. पुस्तकात ठळक लिहिलेलं नसतं ते सांगतो. समन्स, बजावणी, मुदत, पुकारा, हा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच आहे, की निकाल लागण्याआधी समोरच्याचं म्हणणं कुणाच्या तरी कानावर पडावं. त्याला गप्प ठेवायला तेच नियम वापरले, तर नियम पाळले जातात, न्याय मात्र होत नाही."

थोडे पुढे गेल्यावर विद्यार्थ्याला राहवले नाही.

"अण्णा, मी त्यांना पाहिलं होतं. ऐकू येत नाही, हेही कळलं होतं."

"माहीत आहे. खिडकीतून तू दिसत होतास, आणि डबा आदळूनही न हललेला म्हाताराही."

म्हणजे सकाळपासून अण्णांना ठाऊक होते. न्यायाधीशांसमोर, शेवंताबाईंसमोर, वकिलांच्या बाररूममध्ये चहा पिताना, कुठेही त्यांचे एक वाक्य पुरले असते, आणि मग त्या कोर्टाची पायरी पुन्हा चढायला त्याला तोंड उरले नसते.

"मग तिथंच बोलला का नाहीत?"

"बोलणार काय?" अण्णा म्हणाले. "तुझं म्हणणं कुठं ऐकलं होतं मी अजून?"

विद्यार्थ्याचे डोळे भरून आले. आईवडिलांनंतर आपल्यावर कुणाचे उपकार असतील तर ते या माणसाचे, असे त्याला त्या क्षणी वाटले, आणि पुढे जन्मभर वाटत राहिले. त्याने वाकून अण्णांच्या पायांना हात लावला.

अण्णांनी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बैठक मारली आणि शेजारी त्याला जागा करून दिली. "बोल आता. मला घाई नाही."

मग त्याने काही न लपवता, पहिल्यापासून सगळे सांगितले.