उचलला की तुटतो

शुद्धलेखनात चूक निघाली तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. माझी शाळा सातवीत सुटली, अवघड शब्द माझ्याजवळ नाहीत. जसं ऐकलं तसं मांडतो.

"...ते सगळं खरं बाबा, पण दोघांतली कोणती घेऊ? पुलाजवळच्या छत्रीवाल्याची, का एसटी स्टँडसमोरच्या छत्रीवाल्याची?"

जमालबाबा चुलीपुढं उकिडवे बसले होते. चहाचं आधण अजून गप्प होतं. त्यांनी वर पाहिलं नाही.

मुरारराव शिंगट्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मुरारराव म्हणजे वीज मंडळातले वायरमन. निवृत्त झाले तरी गावातले दिवे गेले की माणसं त्यांच्याच दारात येत. ते अंगणात उभं राहून नुसतं वर बघत आणि सांगत, "फ्यूज नाही, खांबावरचा जंपर तुटलाय, तारा जोडणारा." बहुतेक वेळा तसंच निघे. दोष कुठं आहे ते आपल्याला बसल्या जागी कळतं, ही त्यांची घमेंड होती, आणि गावानं ती कौतुकानं पोसलेली होती.

बाबांचा तकिया गावाबाहेरच्या माळावर होता. पिराचं थडगं, एक खोली, एक लिंब, एक चूल. बाजाराच्या दिवशी माणसं भाजीच्या पिशव्यांसकट वर चढून येत आणि मनातलं बोलून जात. आज मुरारराव आले होते. त्यांच्या खिशात दोन छत्रीवाल्यांची दोन रंगीत पत्रकं होती.

"कशाची कोणती?" बाबा म्हणाले.

"फोनची कंपनी हो. नंबर हाच ठेवून कंपनी बदलता येते आता. खाली पोरं छत्र्या लावून बसलीत. अंगठा लावला की झालं. ह्या कंपनीला मी विटलोय."

"काय केलं तिनं?"

"काय केलं नाही ते विचारा. घरात रेंज नाही. कसलीतरी सेवा चालू ठेवलीय, मी मागितली नाही काही नाही, तिचे मेसेज येतात. आणि मुख्य म्हणजे..."

मुराररावांनी हातातला फोन उलटा करून पाहिला.

"मुख्य म्हणजे कॉल तुटतो."

"कुणाचा?"

"वैजूचा."

वैजयंता त्यांची एकुलती एक लेक. नाशकात दिलेली. वर्षामागं तिची आई गेली, तेव्हा ती तेराव्यापर्यंत घरात होती. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर तिनं आईची ट्रंक उघडली. ट्रंक रिकामी. मुराररावांनी आदल्याच दिवशी सगळी लुगडी, बांगड्या, पानाचा डबासुद्धा आळीतल्या बायकांना वाटून टाकला होता.

"आईचं एक लुगडं तरी ठेवायचं होतंत आबा," ती म्हणाली होती.

"मेलेल्या माणसाच्या कापडाला काय कवटाळायचंय?" मुरारराव म्हणाले होते.

ती दुपारच्या गाडीनं गेली. पुन्हा आली नाही.

हे सगळं बाबांना माहीत होतं. गावालाही माहीत होतं.

"पण फोन करते बघा," मुरारराव जरा पुढं सरकले. "रोज सकाळी, नळाला पाणी यायच्या वेळेला. राग असता तर केला असता का? फोन वाजतो. मी उचलतो. हॅलो म्हणतो, आणि कट. रोज असंच. आधी वाटलं, मीच उशीर करतोय. म्हणून आता फोन हातात धरूनच बसतो. पहिल्या घंटीला उचलतो."

"मग?"

"मग आणखी लवकर तुटतो."

बाबांनी चुलीत एक काटकी सरकवली.

"बाकीच्यांचे तुटतात?"

"बाकी कोण करतंय मला?"

"मग तू कर तिला."

"करतो की. उचलत नाही. तिकडं पण रेंज नसणार."

"नाशकात?"

मुरारराव लिंबाकडं बघू लागले.

"मोठ्या गावात पण नसते काही काही ठिकाणी..."

"असेल, असेल," बाबा म्हणाले. "इमारती उंच झाल्यात."

आधणाला बारीक बुडबुडे आले. बाबांनी चहाची पूड टाकली.

"मी वायरमन माणूस, बाबा. जोडल्यावर तुटतं, म्हणजे दोष जोडणीत. कंपनी बदलली की चार दिवसांत नवी चालू होईल. मग निदान एकदा तरी तिच्याशी नीट बोलणं होईल. मला दुसरं काही नको. छत्रीवाले बाजार उठेपर्यंतच आहेत. तुमच्या तोंडून नाव येऊ द्या, मी तिथं अंगठा लावतो."

बाबा उठले. लिंबाच्या फांदीला एक कापडी बटवा टांगलेला होता. त्यातून त्यांनी बटनांचा जुना फोन काढला.

मुराररावांना हसू आलं. "तुम्हाला कशाला हो फोन? फकिराला कोण फोन करतं?"

"करतात. रडायला माणसाला कुणीतरी लागतं. तुझा नंबर सांग."

मुराररावांनी सांगितला. बाबांनी एकेक बटन दाबलं, फोन कानाला लावला आणि डोळे मिटले.

मुराररावांच्या हातातला फोन वाजला. वाजला न वाजला तोच त्यांनी तो कानाशी नेला.

"हॅलो?"

समोर बसलेल्या बाबांनी डोळे उघडले.

"कशाला उचललास?"

"वाजला म्हणून."

"मी ऐकत होतो."

"काय ऐकत होता? मी बोललोच नव्हतो अजून."

बाबांनी फोन ठेवला. पुन्हा लावला. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा मुराररावांचा हात आपोआप कानाशी गेला.

"हॅलो?"

"अरे बाबा, तू हात बांधून बस. खांबावर चढताना असाच चढत होतास का?"

"सवय झालीय हो..."

तेव्हा बाबांनी त्यांच्या हातातून त्यांचा फोन काढून घेतला आणि आपल्या मांडीखाली दाबून ठेवला. बटनांच्या फोनवरून तोच नंबर पुन्हा लावला, आणि तो मुराररावांच्या कानाला टेकवून धरला.

मांडीखाली फोन थरथरत होता. कुणी उचलत नव्हतं.

मुराररावांच्या कानात संबळ वाजू लागलं.

मग एका बाईचा आवाज. जाडसर, गावरान. देवीचं गाणं होतं...

मुराररावांचं तोंड उघडंच राहिलं. गाणं चालत राहिलं, चालत राहिलं, आणि मध्येच थांबलं. पलीकडून कुणी उत्तर देत नाही, असं सांगून फोन बंद झाला.

"पुन्हा लावा," मुरारराव म्हणाले.

बाबांनी पुन्हा लावला.

हे गाणं मुराररावांच्या मेव्हण्याच्या फोनवर लागायचं. इंदूला, त्यांच्या बायकोला, फार आवडायचं. एके दिवशी तिनं ह्यांच्याच फोनवरून भावाला फोन लावला, आणि गाणं लागल्यावर शेजारच्या पोरानं शिकवलेलं बटन दाबून ते ह्यांच्या नंबरावर घेतलं. मुरारराव तेव्हा कामावर निघाले होते. पायात बूट चढवता चढवता वैतागले होते.

"माझ्या फोनला गाणं कशाला? मला काय ऐकायचंय?"

"तुम्हाला कुठं ऐकू येणार आहे?" ती म्हणाली होती. "फोन लावेल त्याला ऐकू येतं. तुम्ही खांबावर असता, उचलत नाही. तोवर मी काय ऐकत बसू? नुसती घंटी ऐकली की वाटतं, पडलात का काय वरून."

मुरारराव बूट घालून निघून गेले होते. पुढं विसरूनही गेले. आपल्याच नंबरावर फोन लावायची वेळ माणसाला येते कधी?

दुसऱ्यांदाही गाणं थांबलं.

बाबांनी दोघांचेही फोन चटईवर शेजारी शेजारी ठेवले, आणि चहा गाळायला घेतला.

"म्हणजे वैजू..." मुरारराव म्हणाले.

बाबा गाळत राहिले.

"लहानपणी आईच्या मांडीवर बसून माझी वाट बघायची. इंदू शेजारच्यांच्या फोनवरून लावायची, आणि दोघी कान लावून बसायच्या..."

चहाची धार कपात पडत होती.

"मला नाही करत ती फोन."

"कुणाला करते?"

मुराररावांनी मान खाली घातली. मग हसल्यासारखा आवाज आला, पण ते हसणं नव्हतं.

"आणि मी मेला रोज मध्येच हॅलो म्हणतोय."

बाबांनी कप त्यांच्यापुढं सरकवला. मुराररावांनी तो घेतला नाही.

"बाबा, मी कंपनी बदलली असती तर?"

"मला काय ठाऊक? मी फकीर. वायरमन तू."

मुराररावांना ठाऊक होतं. नंबर आपला, पण गाणं कंपनीचं. नंबर तिकडं गेला असता, गाणं इकडंच राहिलं असतं. चार दिवसांनी, पाणी यायच्या वेळेला, लेकीनं नाशकात फोन कानाला लावला असता, आणि तिला नुसती घंटी ऐकू आली असती.

ट्रंकेसारखं.

त्यांनी खिशातली दोन्ही पत्रकं काढली. एकदा बघितली. पुलाजवळच्या छत्रीचं वरती होतं, स्टँडसमोरच्या छत्रीचं खाली. दोन्ही चुलीत सरकवली. रंगीत कागद होता, जळताना हिरवट ज्योत आली.

"चहा निवतोय," बाबा म्हणाले.

मुराररावांनी कप उचलला.

"ते मी न मागितलेल्या सेवेचे मेसेज येतात म्हणालो ना... ते हेच असणार."

"असेल."

"बंद करायला सांगणार होतो आज."

बाबा फुंकर घालून आपला चहा प्यायले.

खाली बाजाराचा गलबला हळूहळू उतरत होता. कुणीतरी उरलेले कांदे ओरडून विकत होतं. मुरारराव उठले, धोतर झटकलं, दोन पावलं गेले आणि परत आले.

"पण बाबा, मी तिचा बाप आहे. मला पण बोलायचंय तिच्याशी. मग फोन मी उचलायचा कधी?"

"वाजायचं थांबलं, की."

बाबा कप विसळत होते. आणखी काही सांगतील असं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. मुराररावांनी हंडा लावला आणि पायरीवर बसले. फोन समोर, उपड्या घमेल्यावर ठेवला. हातात नाही.

वाजला.

हात निघाला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरला, आणि दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसले.

त्यांना घंटीच ऐकू येत होती. पण आता तिकडं काय वाजतंय ते माहीत होतं. संबळ झालं असेल. आता बाईचा आवाज. आता ती ओढून म्हणते ती ओळ... मुराररावांचे ओठ हलू लागले. शब्द नीट येत नव्हते. इंदूला आले असते. हंडा भरून पाणी वाहू लागलं, तरी ते उठले नाहीत.

घंटी थांबली. कुणी तोडली नव्हती. पूर्ण वाजून आपली आपण थांबली होती.

मुराररावांनी नळ बंद केला. लेंग्याला हात पुसले. फोन उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हतं. चिटपाखरू नाही.

"वैजू," ते म्हणाले.

मग थांबले. आळीतून कुणी येत नाही ना, ते पाहिलं.

"वैजू, मी लुगडी द्यायला नको होती. घरात जिकडं बघावं तिकडं तीच दिसायची. दोरीवर, खुंटीवर. मला ते बघवत नव्हतं गं. म्हणून घाईनं देऊन टाकली. कवटाळायचंय काय, असं मी तुला म्हणालो. तुला नव्हतो म्हणालो. मलाच म्हणत होतो..."

आणखी बरंच काही म्हणाले. ते मी लिहीत नाही.

मग चहासुद्धा न घेता ते माळ चढून वर गेले. बाबा लिंबाखालचा पालापाचोळा झाडत होते. मुराररावांनी धापा टाकत सगळं सांगितलं. गाणं पूर्ण होऊ दिलं, थांबल्यावर उचललं, मनातलं सगळं बोललो.

"पण बाबा," ते म्हणाले, "फोन तर बंद झाला होता. तिला ह्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नसणार."

बाबांनी झाडू लिंबाला टेकवून ठेवला. खाली बसले. मुराररावांना हाताला धरून शेजारी बसवलं.

"तुला आलं का ऐकू?"