पट्टीबाईंचे गुरुवार

त्या राज्यात सरळ रेघेला मान होता. कंपासपेटीतल्या प्रत्येक पेन्सिलीला वर्षाअखेरी पट्टीला टेकून एक रेघ मारावी लागे. रेघ मोडली की पेन्सिलीला तासायला पाठवत. तासल्यानं अक्कल येते, यावर सगळ्यांचं एकमत होतं. परीक्षेचा कागद मात्र वर्षानुवर्षं एकच. जुन्या रेघा पुसून तोच पुन्हा अंथरत.

पट्टीबाई बावीस वर्षं रेघा मारून घेत होत्या. त्यांच्या अंगावर तीस आकडे होते आणि तिसाच्या पुढे जग नाही, अशी त्यांची खात्री होती. शेजारच्या खाचेत खोडरबर राहायचे. पट्टीबाई नव्या असताना परीक्षेच्या त्या कागदावर फार घसरत, रेघ वाकडी जाई. खोडरबर हलक्या हातानं ती पुसून टाकायचे. पुसता पुसता ते झिजले आणि एका सकाळी खाच रिकामी दिसली. पट्टीबाईंनी तिथे दुसरं काही ठेवू दिलं नाही.

त्याच वर्षी त्यांनी शिवणाच्या डब्यातल्या टेपमावशींकडे नाव घातलं. दर गुरुवारी, स्वतःचा वर्ग सुटल्यावर. विषय होता, वाकड्या आणि गोल वस्तूंचं मोजमाप.

"या वयात विद्यार्थिनी?" शार्पनरराव म्हणाले. "वाकायला शिकणार की काय, बाई?"

"वाकता नाही आलं, तर सरकायला तरी शिकेन."

पहिल्याच गुरुवारी त्या चेंडू मोजायला गेल्या आणि त्यावरून घरंगळून थेट बटणांच्या डबीत पडल्या. वर्ग खदखदून हसला. मग त्याही हसल्या. खाच रिकामी झाल्यापासून पहिल्यांदाच.

"छान," टेपमावशी म्हणाल्या. "आता गृहपाठ. मोजण्याआधी एखाद्याला नुसतं ऐकून या."

पट्टीबाईंच्या वर्गात हिरव्या सालीची, हिरवी नावाची पेन्सिल होती. तासून तासून अंगठ्याएवढी उरलेली. आणखी एकदा तासलं असतं, तर ती कुणाला हातात धरताच आली नसती; मग तिची जागा केराच्या टोपलीत होती. वर्षाअखेर आली. हिरवीनं रेघ सुरू केली आणि अर्ध्यावर टोक गळून पडलं. शार्पनरराव तोंड उघडून तयारच होते.

"थांबा," पट्टीबाई म्हणाल्या. त्यांनी हिरवीला हळूच हलवून कान लावला. आत काहीतरी बारीक खुळखुळलं.

"कधी पडली होतीस गं?"

"नवी असताना. बाकावरून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रेघ मार म्हणालात, बाई. मी मारत राहिले."

"आत काय आहे ते तासल्यावर कळेलच की!" शार्पनरराव म्हणाले.

"शिसं तुटलंय आत. तासाल तेवढं गळेल." असं म्हणून पट्टीबाई कागदावरून बाजूला सरकल्या. परीक्षेत असं आजवर कुणी केलं नव्हतं. "टेकू नकोस, हिरवे. दाबूही नकोस. आडवी हो आणि फिर तुला हवं तसं."

हिरवी भीत भीत, उरलेल्या शिशाच्या कडेवर आडवी झाली. कागदावर राखाडी छटा अलगद पसरू लागली, आणि त्या छटेतून, पुसूनही कागदात दबून राहिलेल्या पांढऱ्या रेघा वर आल्या. वाकड्या, घसरलेल्या, हलक्या हातानं पुसलेल्या. एकीखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी.

"अगंबाई! या कुणाच्या?" हिरवीनं विचारलं.

पट्टीबाई कागदाजवळ आल्या.

"माझ्या," त्या म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. "फिरत राहा. अजून पुष्कळ निघतील."