फुकट्यांची पंगत

गावासाठी रुग्णवाहिका घ्यायची म्हणून पापड लाटणाऱ्या बायकांनी एक फार्स बसवला आणि तालुकाभर प्रयोग लावले. एका गावी तिसरी घंटा व्हायच्या बेतात सभापती बापूसाहेब पंधरावीस माणसं घेऊन दारात उभे राहिले.

"आम्ही तिकीट काढत नसतो. पहिल्या रांगेत बसवा, नाहीतर पडदा वर जाणार नाही."

तिकिटं फाडणाऱ्या यमुनाबाई हसल्या. "या की! फुकटवाल्यांची सोय थेट रंगमंचावर केलीय. नाटकात बिनबोलावता जेवायला आलेल्यांची पंगत आहे. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं."

तिकिटाच्या रांगेत हशा पिकला. बापूसाहेबांनी पाकीट उघडून सगळ्यांची तिकिटं काढली.

यमुनाबाईंनी आत हाक दिली, "मिशा चिकटवा गं! पंगतीला आपल्यालाच बसावं लागणार."